काशीची वाट आणि पानिपतची पत्रे

अठराव्या शतकातील मराठी माणसाच्या मनात उत्तर हिंदुस्थानचे दोन नकाशे होते. एक मुलूखगिरीचा : चंबळ, आग्रा, दिल्ली, लाहोर, अटक. दुसरा यात्रेचा : मथुरा, प्रयाग, काशी, गया. पहिल्या नकाशावर फौजा चालत, दुसऱ्यावर म्हाताऱ्या आया, विधवा, शास्त्री आणि भिक्षुक चालत. वाट मात्र बरेच अंतर एकच असे. या दोन नकाशांची सरमिसळ १७६० साली जितकी झाली तितकी पूर्वी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. सदाशिवराव भाऊंच्या फौजेबरोबर उत्तरेत गेलेल्या माणसांनी दक्षिणेत पाठविलेली पत्रे वाचताना हे ध्यानी ठेवावे लागते. ती पत्रे रणांगणावरून आली हे खरे. पण ती लिहिणाऱ्यांपैकी अनेकांचे मन काशीच्या वाटेवर होते.

काशी ही महाराष्ट्राला परकी नगरी कधीच नव्हती. पैठणहून गेलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात तेथील विद्वत्सभेत दाक्षिणात्यांचे स्थान पक्के केले. एकनाथांनी आपले भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीतच पूर्ण केले. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकासाठी १६७४ साली गागाभट्ट आले ते याच परंपरेतून. पेशवाईत हा ओघ वाढला. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५-३६ मध्ये काशीयात्रा करून आल्या, तेव्हा वाटेवरच्या राजेरजवाड्यांनी त्यांची केलेली बडदास्त हा मराठी सत्तेच्या प्रतिष्ठेचाच पुरावा मानला गेला. गोदातीरावरील कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर याच काळात काशीस स्थायिक झाले. ब्रह्माघाट व दुर्गाघाट या परिसरात दक्षिणी कुटुंबांची वस्ती दाटली. दीक्षितांच्या घराण्याने काशीहून देशी पाठविलेली पत्रे इतिहासाचार्य राजवाड्यांच्या साधनखंडांत छापली गेली आहेत. त्यांत ग्रहण, दानधर्म आणि हुंड्या आहेत, तशाच फौजांच्या हालचालीही आहेत. बंगश पठाणांनी १७५०-५१ मध्ये प्रयागास वेढा घातला तेव्हा काशीत उडालेल्या घबराटीची वार्ता पुण्याकडील मंडळींस कळली ती अशाच पत्रांतून.

या पत्रांत एक पेच आरंभापासून दिसतो. काशी अयोध्येच्या नवाबाच्या अमलाखाली होती आणि तेथील प्रत्यक्ष कारभार राजा बलवंतसिंहाच्या हाती होता. मराठी फौज जवळ आली की पुण्यातील मंडळींना क्षेत्र आपल्या हाती येण्याची आशा वाटे. क्षेत्रातील मंडळींना मात्र भय वाटे. १७४२-४३ च्या सुमारास पेशव्यांच्या फौजा त्या बाजूस उतरल्या तेव्हा काशीतील दक्षिणी ब्राह्मणांनी त्यांस दूर राहण्याची विनंती केली. फौज आज येईल आणि उद्या निघून जाईल, नवाबाचा राग मात्र मागे राहणाऱ्यांवर निघेल, हे त्यांस पक्के ठाऊक होते. आपल्याच माणसांच्या विजयाची धास्ती वाटावी, ही स्थिती परचक्रात सहसा येत नाही. ती यादवीत येते.

पानिपतला यादवी म्हणावे काय, असा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. शालेय इतिहासात पानिपत म्हणजे मराठे विरुद्ध अब्दाली, स्वदेशी विरुद्ध परदेशी, असा सरळ सामना असतो. युद्धातील माणसे पाहिली तर चित्र इतके सरळ राहत नाही. अहमदशहा अब्दालीच्या बाजूस नजीबखान आणि इतर रोहिले होते, बंगश होते आणि जुलै १७६० पासून शुजाउद्दौला होता. शुजाच्या फौजेत अनुपगीर व उमरावगीर हे गोसावी सरदार आपल्या नागा पथकांसह लढत होते. भाऊंच्या बाजूस इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता. परचक्र आणि यादवी अशी दोन्ही अंगे या युद्धास होती, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. पत्रव्यवहारावर या दुसऱ्या अंगाचा परिणाम फार खोल झालेला दिसतो, कारण यादवीत पत्र जाते ते शत्रूच्या आणि आप्तांच्या एकाच मुलखातून.

उदगीरच्या विजयानंतर, मार्च १७६० मध्ये, भाऊंनी उत्तरेकडे कूच केले. त्याआधी जानेवारीत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. फौजेबरोबर बायकामुले होती आणि यात्रेकरूंचा मोठा समुदाय होता. एवढी मोठी फौज उत्तरेत जाते आहे, तिच्या आश्रयाने तीर्थे घडतील, हा त्यामागचा हिशेब. पुढे नाना फडणीस म्हणून प्रसिद्धीस आलेले बाळाजी जनार्दन तेव्हा अठरा वर्षांचे होते. आई आणि पत्नी यांच्यासह तेही या मोहिमेत होते आणि मथुरा-वृंदावनाचे दर्शन त्यांनी घेतले. त्यांच्या लहानशा आत्मवृत्तात लढाई आणि यात्रा एकाच श्वासात येतात. त्या यात्रेतून त्यांची आई मात्र परतली नाही. पेशव्यांच्या दरबारी धोरणातही हेच मिश्रण होते. शुजाकडून काशी, प्रयाग आणि अयोध्या ही क्षेत्रे मिळवावीत, अशी सूचना नानासाहेबांनी १७५९ च्या आपल्या राजकारणी पत्रांतून शिंद्यांच्या कारभाऱ्यांस केलेली होती. जे क्षेत्र यात्रेकरूंच्या मनात होते तेच राजकारणाच्या यादीतही होते.

या मोहिमेतून आलेली पत्रे कोणी लिहिली, हे आधी पाहिले पाहिजे. शिपाई लिहीत नव्हता. बोरू कारकुनाच्या हाती होता, लिपी मोडी होती आणि भाषा दरबारी वळणाची होती. सरदार सांगे, कारकून उतरवी, सरदार खाली चार अक्षरे स्वहस्ते लिही किंवा मोर्तब होई. आरंभी ‘श्री’, मग योग्यतेनुसार मायना, मग ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’ हा ठराविक विनय, मग मजकूर, शेवटी चंद्राचा दिवस आणि ‘लेखनसीमा’. इहिदे सितैन मया व अलफ हे त्या मोहिमेचे साल, म्हणजे इसवी १७६०-६१. पत्र घेऊन जासुदांची जोडी निघे. एक वाटेत पडला तर दुसरा पोचावा हा हेतू. महत्त्वाचा मजकूर दोनदा, निरनिराळ्या वाटांनी रवाना होई.

ही व्यवस्था ध्यानी घेतली म्हणजे त्या पत्रांत घर इतके थोडे का दिसते, हे उमगते. पत्र ज्याच्या नावे असे तोच ते वाची असे नव्हे. ते सदरेवर वाचले जाई. घरच्या स्त्रीसाठी असेल तर कोणी वडील मनुष्य वाचून दाखवी. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये निदान दोन परके कान होते. अशा पत्रात हळवेपण मायन्याच्या आत दडून बसते. पत्नीसाठी ‘वज्रचुडेमंडित सौभाग्यवती’ असे लिहिले की त्याहून अधिक काही लिहिण्याची रीत नव्हती. कोरडेपणा माणसांचा नव्हता, रीतीचा होता. म्हणूनच एखाद्या राजकारणी पत्राच्या पुरवणीत कोणाच्या दुखण्याची चौकशी आली, तर ती वाचणाऱ्यास चटका लावून जाते.

मजकूर मुख्यतः पैका आणि दाणा यांचा आहे. भाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांस लिहिलेली पत्रे या दृष्टीने एक सलग मालिका म्हणून वाचण्याजोगी आहेत. अंतर्वेदीचा वसूल पाठवा, नावा जमवा, शत्रूची रसद मारा, शुजाच्या व रोहिल्यांच्या मुलखात जमीनदार उठवा, ही मागणी पुनःपुन्हा येते. जुलैत यमुनेस पूर होता, गोविंदपंत पलीकडे आणि फौज अलीकडे. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली. पण खजिना रिता होता, म्हणून दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरवून सुमारे नऊ लाखांचे नाणे पाडावे लागले आणि ते महिन्याभरात खर्ची पडले. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. त्या महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून आला आणि पानिपतावर फौजेचा दक्षिणेशी असलेला धागा तुटू लागला. या टप्प्यांबरोबर पत्रांची वाक्ये बदलत जातात. उन्हाळ्यातील वाक्ये लांब, तपशिलाची, समजावणीची आहेत. हिवाळा येतो तशी ती आखूड, रोखठोक आणि कधी जिव्हारी लागणारी होतात. आर्जव, धाक, उपरोध, पुन्हा आर्जव अशी ती चढतात-उतरतात. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने पाहावे ते हे : ताणाखाली आलेले मराठी गद्य आपली आभूषणे एकेक करून टाकून देते. डिसेंबरात अताईखानाच्या छाप्यात गोविंदपंत मारले गेले आणि ही मालिका तुटली. ज्याला लिहायचे तोच उरला नाही.

याच सुमारास, शत्रूच्या गोटात, एक दक्षिणी ब्राह्मण बसला होता. काशीराज शिवदेव हे त्याचे नाव. तो शुजाउद्दौलाच्या पदरी होता आणि भाऊंच्या तहाच्या बोलण्याचा एक मार्ग त्याच्याकडून जात होता. यादवीचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण. सकाळी जो मनुष्य नवाबाच्या डेऱ्यात अब्दालीच्या बाजूचा म्हणून वावरतो, तोच मराठी छावणीतून आलेली चिठी वाचतो. पुढे १७८० साली काशीराजाने फारसीत या युद्धाची हकिकत लिहिली. जेम्स ब्राउनने तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापला गेला. लढाईच्या आदल्या रात्री, पहाटेपूर्वी, भाऊंकडून आपणास एक छोटी चिठी आल्याचे त्यात काशीराज सांगतो. सोसण्याची सीमा झाली आहे. काही घडण्यासारखे असेल तर आता घडवा, नसेल तर स्वच्छ जबाब द्या. यापुढे लिहिण्या-बोलण्यास सवड राहणार नाही, असा तिचा आशय होता. काशीराज ती शुजापर्यंत नेतो न नेतो तोच मराठी फौज मोर्चे सोडून बाहेर पडल्याची खबर येते.

पानिपतावरून निघालेल्या पत्रांपैकी आपल्याला ठाऊक असलेले हे अखेरचे पत्र. ते घरी लिहिलेले नाही, पण परमुलखात आपल्या भाषेच्या माणसास लिहिलेले आहे. मूळ चिठी नाहीशी झाली. तिचा मजकूर उरला तो एकोणीस वर्षांनंतरच्या आठवणीतून, फारसीत. आणि मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांनी तो जाणला इंग्रजीच्या द्वारे. पुढच्या काळातही असेच घडले आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून हिंदी शिपायांनी घरी पाठविलेल्या पत्रांपैकी कितीतरी आज टपाल तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी केलेल्या इंग्रजी उताऱ्यांच्या रूपातच शिल्लक आहेत. घरच्या भाषेतील शब्द घरी पोचले आणि विरले; परक्याच्या भाषेतील सावली दप्तरात राहिली.

पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार, १४ जानेवारी १७६१. त्या दिवसानंतर लिहिणारे हातच उरले नाहीत. नानासाहेब पेशवे कुमकेस उत्तरेकडे निघाले होते. पण निश्चित वर्तमान त्यांच्यापर्यंत येत नव्हते. २४ जानेवारीच्या सुमारास भेलशाजवळ, औरंगाबादेकडे चाललेल्या एका सावकारी जासुदाची थैली त्यांच्या माणसांनी उघडली. त्या पत्रात माणसांची नावे नव्हती. मोती, मोहरा, रुपये आणि खुर्दा यांच्या नुकसानीचा हिशेब होता : दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुप्या-तांब्याची तर गणतीच नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, मोहरा म्हणजे सरदार, हे उकलण्यास वेळ लागला नाही. पेशव्यास पुत्राच्या मृत्यूची वार्ता आली ती त्याला न लिहिलेल्या पत्रातून आली. पराभवाची खबर सावकारांच्या वाटेने दहा दिवसांत माळव्यात पोचली, कारण पैशाला ती आधी कळणे आवश्यक होते. सरकारी जासूद जेथे अडले तेथून हुंडीची वाट मोकळी होती, ही गोष्ट त्या काळच्या व्यवस्थेविषयी पुष्कळ काही सांगते.

त्या हिशेबातील शेवटची बाब मात्र विसरता येत नाही. मोती मोजले, मोहरा मोजल्या. खुर्दा मोजला नाही. खुर्दा म्हणजे शिलेदार, बारगीर, पायदळ, बाजारबुणगे आणि यात्रेकरू. त्यांनी पत्रे लिहिली नव्हती; त्यांच्याविषयीही कोणी लिहिले नाही. सांकेतिक भाषेने नकळत खरेच सांगितले.

येथे दुसऱ्या एका यादवीशी तुलना उद्बोधक ठरते. पानिपतानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील साध्या शिपायांपैकी बहुतेकांना लिहिता येत होते. टपालखाते होते आणि शिपायाला तिकिटाविना पत्र टाकता यावे, हाशील घरच्यांनी भरावे, अशी सोय उत्तरेकडील सरकारने त्याच वर्षी केली. परिणामी शेतमजुरापासून शिक्षकापर्यंत सामान्य सैनिकांची असंख्य पत्रे तेथील घराघरांत आणि ग्रंथालयांत जपली गेली. आपल्याकडे शिपायाचे पत्र नाही, ते त्याला घर नव्हते वा माया नव्हती म्हणून नव्हे. अक्षर आणि टपाल ही दोन्ही त्याच्या हाती नव्हती म्हणून. इतिहासातील शांतता ही पुष्कळदा भावनेची नसते, साधनांची असते.

पत्र न येण्याचा सर्वांत मोठा भार स्त्रियांवर पडला. मराठी पत्रलेखनात सवाष्णीस ‘सौभाग्यवती’ आणि विधवेस ‘गंगाभागीरथी’ असे लिहितात. काशीच्या नदीचे नाव असे घरोघरच्या मायन्यात येऊन बसले आहे. १७६१ मध्ये असंख्य घरांत प्रश्न पडला असणार तो हाच : आता मायना कोणता लिहावा? मृत्यू पाहणारा परत आला नाही, प्रेत मिळाले नाही, तिथी कळली नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणांगणातून परत आल्या; पती गेला हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही, आणि १७८३ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत त्या सौभाग्यचिन्हांसह राहिल्या, असे परंपरा सांगते. नानासाहेबांचा देह २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर पडला. पण भाऊंविषयीचा संशय मिटला नाही. त्या संशयाच्या फटीतूनच तोतया शिरला. आपण भाऊसाहेब आहोत असे सांगणारा तो मनुष्य कैदेतून सुटून १७७६ मध्ये कोकणात फौज जमवू शकला, किल्ले घेऊ शकला, आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. अनेक शहाण्या माणसांनी त्याच्यावर विश्वास ठेवला तो केवळ भोळेपणाने नव्हे. पंधरा वर्षे ज्याचे शेवटचे पत्र आले नाही त्याची वाट पाहणे त्या समाजाने सोडले नव्हते.

काशी मराठ्यांच्या अमलाखाली कधीच आली नाही. १७७५ मध्ये ती अयोध्येकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. पण दक्षिणेची माणसे तेथे जात राहिली, घाट बांधले गेले, श्राद्धे झाली. १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी विश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभारले. त्याच वर्षी काशीराज आपली हकिकत लिहीत होता. मोहिमेने जे साधले नाही ते एका विधवेच्या दानाने साधले, ही घटना गंगाभागीरथी या शब्दाला निराळाच अर्थ देऊन जाते.

ही पत्रे आज आपल्यापुढे आहेत ती संशोधकांच्या कष्टामुळे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा, त्याच्या दीर्घ प्रस्तावनेने पानिपताची चर्चा बखरींच्या हातून काढून कागदपत्रांच्या हाती दिली. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग संपादित केले. त्यांतील दुसरा भाग पानिपत प्रकरणाचा आहे. त्र्यं. शं. शेजवलकरांनी लढाईच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये, ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ दिला. या सर्वांनी पत्रांना साक्षीदार म्हणून उभे केले : तारीख काय, फौज किती, दोष कोणाचा. ते काम अत्यावश्यक होते. पण त्यामुळे ही पत्रे इतिहासाच्या कपाटात गेली आणि मराठी गद्याच्या अभ्यासक्रमात बखरच राहिली. बखरकार शेवट ठाऊक असताना लिहितो. त्याच्या भाषेत आधीच शोक असतो, उपमा असतात, नियती असते. पत्र लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो. त्याला उद्याचा दाणा हवा असतो, हुंडी हवी असते, जासूद परत यायला हवा असतो. अज्ञानातून येणारी ही धग बखरीत नाही, पुढच्या कादंबऱ्यांतही क्वचितच आढळते.

मराठीत ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला आणि ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ ही कोटी म्हणीसारखी चालली. एका लढाईने भाषेला दिलेले हे दोन शब्दप्रयोग सर्वनाशाचे आणि अविश्वासाचे आहेत. मूळ पत्रांत मात्र या दोहोंहून निराळे काही आहे. तेथे नोव्हेंबरच्या थंडीत उपास काढणारी माणसे अजून हिशेब मागतात, उत्तराची वाट पाहतात, ‘स्वकीय कुशल लिहीत जाणे’ असे न विसरता लिहितात. या वाक्याला रीत म्हणून आपण ओलांडून जातो. ज्यांच्याकडे रीतीवाचून बोलण्याची मुभा नव्हती, त्यांनी आपली सारी ओढ याच वाक्यात भरली होती, असे समजून ती पत्रे वाचली पाहिजेत. आणि ज्यांना ही रीतसुद्धा मिळाली नाही, त्या खुर्द्यासाठी वाचकाने मायना आणि लेखनसीमा यांच्यामध्ये थोडी कोरी जागा राखून ठेवली पाहिजे.